पोटावरचं गुपित

गुपित ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही! ही फुशारकी नाही, धंद्यामुळे लागलेली सवय आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. कुणाला चाळिशी लागली, कुणाचा नंबर वर्षात दुप्पट झाला, कोण वाचायचा चष्मा लोकांना दिसू नये म्हणून पिठाच्या डब्यात लपवतं, सगळं मला ठाऊक असतं. आजवर कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही. तेव्हा स्वतःच्या पोटावरचं एवढंसं गुपित मी महिनाभर सहज सांभाळीन, अशी माझी ठाम समजूत होती.

त्या महिनाभरात माझ्या घरातल्या एका खोलीचा रंग बदलला, एका अर्धवट पुलाची इंजिनिअर काम टाकून धावत आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर पोट उघडं केलं. आता सगळ्यांना कळलंच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

पुलाची इंजिनिअर म्हणजे माझी बायको. खूप लांब, डोंगरात, एका नदीवर मोठा पूल बांधायचं काम तिच्याकडे आलं. वर्षभराचं काम. ती निघाली तेव्हा मी स्टेशनवर अगदी मर्दासारखा हात हलवला. गाडी दिसेनाशी झाली तरी हलवतच होतो, शेवटी एका हमालाला वाटलं मी त्यालाच बोलावतोय.

विरहाने माणूस वाळतो असं आपण ऐकत आलोय. साफ खोटं! मी फुगलो. त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. माझ्या हाताला दोघांचा अंदाज बसलेला. एकट्यापुरता भात टाकायचा म्हटलं की पातेल्यात बघूनच कसंतरी व्हायचं. मग मी दोघांचाच करायचो. दोन ताटं घ्यायचो. माझं संपवायचो. समोरचं ताट गार होत जायचं आणि ते तसं गार होताना बघवायचं नाही, म्हणून तेही संपवायचो. मध्ये मी दोन दिवस तिला भेटून आलो, त्यानंतर तर हद्द झाली. परत आल्यावर घर इतकं सुनं वाटायला लागलं की दोन ताटांवर केकही यायला लागला.

फोनवर मात्र मी एकदम मजेत! तिच्या साइटवर फोन कसाबसा लागायचा, निम्मे शब्द वाऱ्यावर जायचे.

"कसा आहेस?"

"मजेत! तू?"

"मी पण मजेत!"

"मग झालं तर!"

एवढं झालं की लाइन कटायची आणि आम्ही दोघं आपापल्या जागी मजेत बसायचो.

मग एक दिवस तिने सांगितलं, "पुढच्या महिन्यात येतेय." मी फोन ठेवला आणि आरशात बघितलं. आरशात माझ्याऐवजी माझे मोठे काका उभे होते! मी तडक चालायला लागलो. सकाळी चाललो, संध्याकाळी चाललो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातल्या दुकानात चाललो. एकाच ताटावर आलो. पोट बऱ्यापैकी उतरलं. आणि उतरलेल्या पोटावर काय दिसलं? जांभळट रेघाच रेघा! कमरेपासून बेंबीकडे निघालेल्या, वाकड्यातिकड्या, जसं काही कुणीतरी रागाने पेन चालवून बघितलंय. स्ट्रेच मार्क्स. कातडी पोटाच्या वेगाने वाढू शकली नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? शर्टाच्या आत कोण बघतंय? अहो, बघणारीच तर येत होती! वर्षभर मी तिला 'मजेत, मजेत' सांगत होतो आणि माझं पोट जांभळ्या शाईत लिहून देत होतं की हा माणूस अजिबात मजेत नव्हता. हे तिला कळता कामा नये. कळलं तर ती पुन्हा कधी कुठल्या पुलावर जाणार नाही. आणि पूल म्हणजे तिचा जीव होता.

म्हणून मी औषधांच्या दुकानात गेलो. आमच्या शेजारचंच दुकान. औषधवाला माझ्याकडूनच चष्मा घेतो. त्यामुळे मी आवाज खाली आणून म्हटलं, "पोटावर रेघा पडल्यात. त्यावर काही आहे का?"

"आहे की!" तो खणखणीत आवाजात म्हणाला आणि वरच्या फळीवरून एक गुलाबी खोका काढला. त्यावर एक प्रसन्न बाई स्वतःच्या भल्यामोठ्या पोटावर हात ठेवून हसत होती. "अभिनंदन! कितवा महिना?"

बायकोला जाऊन किती दिवस झाले ते मी तेव्हा झोपेतही सांगू शकलो असतो. "दहावा," मी म्हणालो.

त्याचा हात हवेतच थांबला. "दहावा? अहो, मग डॉक्टरांना दाखवा!"

"आधी क्रीम बघतो," मी म्हटलं आणि खोका घेऊन सटकलो.

इथपर्यंत गुपित शाबूत होतं. मी दुकानात आलो, खोका काउंटरवर ठेवला आणि आतल्या खोलीत सुरक्षित जागा शोधावी म्हणून वळलो, तेवढ्यात सासूबाई आल्या! त्या जवळच राहतात. बऱ्याच दिवसांपासून त्यांना वाचताना त्रास होत होता. मी घाईघाईत खोक्यावर रुमाल टाकला, त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळे तपासले, चाचणीच्या फ्रेममध्ये भिंगं बसवली आणि वाचायचं कार्ड हातात दिलं.

"हे नको," त्या कार्ड बाजूला सारत म्हणाल्या. "हे मला पाठ झालंय. काहीतरी खरंखुरं वाचायला द्या." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी रुमालाखालून डोकावणारा तो खोका उचलला!

"'गरोदरपणात,'" त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "'पोटावर पडणाऱ्या ताणाच्या व्रणांसाठी.'"

आणि त्यांनी फ्रेम काढली, पदराने भिंगं पुसली, पुन्हा लावली आणि तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नंबर चुकला का, आई?" मी घाबरून विचारलं.

"नाही हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ मला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं."

मला वाटलं, झालं! कळलं यांना. मी शर्टाची खालची गुंडी घट्ट धरली. "तुम्हाला कळलं म्हणायचं," मी खाली मान घालून पुटपुटलो.

"कधीपासून?"

"मी तिकडे जाऊन आलो ना, त्यानंतरच."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. "आणि एवढ्यात रेघाही दिसायला लागल्या?"

"पोट भराभर वाढलं ना!"

"वाढणारच! आमच्याकडे सगळ्यांचं असंच."

मला सासऱ्यांचं पाटीसारखं सपाट पोट आठवलं, पण ही वाद घालायची वेळ नव्हती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"अजून दाखवलं नाही. चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येणार आहे. काय काय करता येतं ते विचारतो."

"तुम्ही स्वतः जाऊन विचारणार? किती करता हो तिच्यासाठी!"

"सगळं तिच्यासाठीच तर चाललंय," मी अगदी मनापासून म्हणालो. "पण आई, एक विनंती आहे. तुम्हाला कळलंय, हे तिला कळू देऊ नका. ती घरी येईपर्यंत एक शब्द नको."

"माझ्या तोंडून निघणार नाही," त्या म्हणाल्या. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. मला मोठं नवल वाटलं. जावयाच्या पोटावरच्या रेघांचं एवढं दुःख करणारी सासू फार थोड्यांना मिळत असेल!

घोटाळा तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या आला नाही. आम्हाला मूल झालं नाही. सुरुवातीला सासूबाई विचारायच्या. मग नुसत्या बघायच्या. मग त्यांनी तसं बघणंही सोडून दिलं, आणि ते सोडताना त्यांना काय लागलं असेल, हा विचार आम्ही दोघांनीही कधी केला नाही. त्या काही मागत नव्हत्या, म्हणून आम्हाला वाटायचं त्यांना काही नको आहे.

मी क्रीम लावायला लागलो. पोट लोण्यासारखं मऊ झालं, रेघा होत्या तिथेच होत्या. मग मी स्वतःच डोकं चालवलं. कातडी रापली की रेघा तिच्यात मिसळून जातील! गच्चीवर चटई टाकली, शर्ट काढला आणि उन्हात पडून राहिलो. चार दिवसांत पोट छान तांबूस झालं. रेघा मात्र रापल्याच नाहीत! आधी त्या नुसत्या दिसत होत्या, आता त्या लांबून दिसायला लागल्या. मी गाठला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना.

त्यांनी भिंग घेऊन पोट तपासलं. मी एरवी लोकांना भिंग लावतो, त्यामुळे अगदी ओशाळल्यासारखं झालं.

"उन्हात झोपला होतात?"

"थोडासा."

"रेघांची कातडी रापत नाही. भोवतालची रापते. म्हणून जास्त उठून दिसताहेत. कुठलं स्टिरॉइडचं मलम वगैरे चोळलंत का? त्यानेही अशा रेघा पडतात."

"नाही, नुसतं हे." मी गुलाबी खोका पुढे केला.

त्या हसल्या. "हे खुशाल लावा. कातडी मऊ राहील. रेघा यानं जायच्या नाहीत."

"मग कशानं जातील?"

"पूर्ण? कशानेच नाही." त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. "तुमच्या अजून जांभळट आहेत, म्हणजे नव्या आहेत. नव्यांवर उपचाराचा थोडाफार परिणाम होतो. एक मलम लिहून देते, ते रात्री थोडंसं लावायचं. शिवाय बारीक सुयांचं एक यंत्र असतं, ते फिरवलं की कातडी आतून नव्याने भरते. लेझरही आहे. पण सगळ्याला महिने लागतात, आणि फिक्या होतात एवढंच. काहीच नाही केलं तरी काही काळाने त्या पांढरट पडतात. तुम्हाला घाई कशाची आहे?"

"बायको येतेय."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तिला आवडणार नाहीत असं वाटतं?"

"नाही हो. तिला कळतील."

यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. पण मी एवढी गळ घातली की त्यांनी सुयांच्या यंत्राची पहिली वेळ दिली. "चार-सहा दिवस कातडी लाल राहील," त्यांनी बजावलं. बायको यायला त्याहून जास्त दिवस होते. मी निर्धास्त!

इकडे सासूबाई गुपित सांभाळत होत्या. म्हणजे त्यांच्या पद्धतीने. बायकोचा फोन आला.

"आईला काय झालंय रे?"

"का?"

"रोज फोन करते. जड उचलू नकोस म्हणते. पुलावर चढू नकोस म्हणते! मी पुलाची इंजिनिअर आहे, पुलावर चढू नको तर काय खालून हाका मारू? आणि काल एक पार्सल आलं. त्यात तंबूएवढाले सहा झगे आहेत."

"तिकडे वारा असतो ना," मी म्हटलं. "मोकळंढाकळं बरं."

"तू बरा आहेस ना?"

"मजेत!" आणि लाइन कटली.

खरं सांगतो, मला तेव्हाही शंका आली नाही. मला वाटलं, लेकीची आठवण येत असेल. मला येत होती, तर त्यांना येणारच. आठवण आली की मी दोन ताटं जेवलो, त्या सहा झगे पाठवतात. ज्याची त्याची तऱ्हा.

सुयांच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि सकाळीच दवाखान्यात गेलो. घराची एक किल्ली सासूबाईंकडे असते. मी दवाखान्याकडे निघाल्याचं बघून त्या सासऱ्यांना घेऊन माझ्या घरी आल्या. सासरे म्हणजे जुने पेंटर. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बोलतात कमी. जे काही सांगायचं ते मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहून झालंय, आता कशाला बोला, असा त्यांचा चेहरा असतो. त्यांनी आल्या आल्या आमची मागची खोली रिकामी केली आणि भिंतींना पिवळा रंग द्यायला लागले.

आणि सासूबाई, नवा चष्मा लावून, घरातलं जे दिसेल ते वाचत सुटल्या. न्हाणीघरातल्या फळीवर त्यांना डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मलमाची नळी सापडली. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'गरोदर स्त्रियांनी वापरू नये.'

त्यांची पाचावर धारण बसली! जावयाने अजाणतेपणी हे औषध लेकीला पाठवलं तर? पाठवलंही असेल तर? त्यांनी तडक फोन लावला. आता ऐका, पुलावरच्या वाऱ्यात माझ्या बायकोला त्यातलं काय ऐकू गेलं ते. हे तिने मला नंतर सांगितलं.

"...पोटाचं औषध... डॉक्टरीणबाईंनी... फार वाईट... जावईबापूंनी बजावलंय, तुला कळू द्यायचं नाही... आज पुन्हा दवाखान्यात..."

एवढंच. मग लाइन कटली, ती पुन्हा लागली नाही. माझाही फोन लागेना, कारण पोटावर सुया फिरत असताना मी तो बंद करून ठेवला होता. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, हाताखालच्या माणसाला काम सोपवलं आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

मी दवाखान्यातून परत आलो तेव्हा घरात रंगाचा वास भरला होता आणि मागच्या खोलीतून खरडण्याचा आवाज येत होता. "जावईबापू, तुम्ही इकडे बघायचं नाही!" सासूबाई आतून ओरडल्या. "सरप्राईज आहे!" पोट असं हुळहुळत होतं की मला काहीच बघायचं नव्हतं. त्या दोघांनी थोड्या वेळाने खोलीला कुलूप घातलं, मला 'जपा हो' असं सांगितलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर! मी बाहेरच्या खोलीत शर्टाची सगळी बटणं उघडी टाकून आडवा पडलेला. पोटावर लाल ठिपक्यांचं रान माजलेलं. दार वाजलं म्हणून गडबडीने चादर ओढून घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "पडा पडा. काळजीनं माणूस थकतो. तो बापच असतो शेवटी."

हे शेवटचं वाक्य मला कळलं नाही. विचारावं म्हणून मी मान उचलली, तोवर ती दोघं मागच्या खोलीत कामाला लागलीही होती. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं आणि बायको आत आली.

केस पिंजारलेले, बुटांना चिखल, खांद्यावर ही एवढी बॅग! ती दारातच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. आणि मी तिच्याकडे. वर्षभर मी या क्षणाची इतकी तालीम केली होती! मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर उभा असणार होतो. मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"तू उठू नकोस," ती म्हणाली. "किती दिवसांपासून आहे? मला का नाही सांगितलंस?"

"अगबाई!" सासूबाई आतून धावत आल्या. "एवढी जड बॅग कशाला उचललीस? बस आधी! धावतपळत आलीस या अवस्थेत?"

"आई, मी ठीक आहे! याला काय झालंय ते सांग!"

"त्यांना काय व्हायचंय? होणार तुला!"

"मला काय होणार?"

"बाळ!" सासूबाई म्हणाल्या.

मागच्या खोलीतून सासरे ब्रश घेऊन बाहेर आले. सगळ्यांनी एकमेकांकडे बघून घेतलं, आणि मग, का कुणास ठाऊक, तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

"कोण गरोदर आहे?" बायकोने हळूच विचारलं.

अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी म्हणालो, "मी."

आणि चादर बाजूला केली.

सासऱ्यांनी ब्रश पाठीमागे धरला. सासूबाईंनी चष्मा नीट केला, वाकून बघितलं आणि लगेच तोंड फिरवलं. मग मी सगळं सांगितलं. दोन ताटं, केक, गुलाबी खोका, ऊन, सुया. सांगता सांगता सासूबाई भिंतीचा आधार घेऊन खाली बसल्या. मला दुकानातलं बोलणं शब्दन् शब्द आठवायला लागलं, आणि मी त्यांना केवढं मोठं काहीतरी देऊन बसलो होतो, ते तेव्हा कुठे कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण या पोटाला आत घ्यायला जमीनही तयार झाली नसती!

"चुकलं आई," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? मीच वेंधळी," त्या म्हणाल्या. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "महिनाभर इतकी खूश होते ना! रोज उठलं की आधी तेच आठवायचं."

बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. चिखलाच्या बुटांसकट. दोघी एकमेकींना टेकून बसल्या. मग ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. मी चादर गुंडाळून तिच्या मागे.

खोली पिवळीधमक झाली होती. खिडकीतून ऊन आलं होतं. आणि समोरच्या भिंतीवर, बुटक्या माणसाला दिसतील इतक्या खाली, सासऱ्यांनी अक्षरं काढली होती. अ, आ, इ, ई. इतकी देखणी, वळणदार अक्षरं त्यांनी कुठल्याही दुकानाला दिली नसतील. 'उ'चं शेपूट अजून ओलं होतं.

सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ब्रश होता आणि त्या ब्रशचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"पुसून टाकतो," ते म्हणाले.

"नको बाबा," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले. "पुढची पण काढा. अर्धवट बरं नाही दिसत."

त्यांनी मान डोलावली आणि 'ऊ' काढायला बसले.

मग सासूबाईंनी चहा केला, सगळ्यांनी घेतला, आणि 'ज्ञ'पर्यंत काम पुरं करून ते दोघं घरी गेले. बायको माझ्या शेजारी येऊन बसली. तिने चादर दूर केली आणि पोट बघितलं. पुलाचे खांब तपासते तसं. एका रेघेवरून हलकेच बोट फिरवलं.

"दुखतंय?"

"हुळहुळतंय."

"फोनवर तर मजेत होतास."

"तू पण."

"मी कुठे होते?" ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी पुलाच्या टोकाला जाऊन उभी राहायचे. तिथे फोनला रेंज येते असं सगळ्यांना सांगायचे. येत नाही तिथे रेंज."

मी चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलो.

"सांगितलं असतंस तर?"

"तू काम सोडून आली असतीस."

"नसते आले," ती म्हणाली. "पण रडले असते जरा. तू पण रडला असतास. केक तरी वाचला असता!"

मला हसू आलं. हसलं की पोट दुखत होतं, तरी हसलो. तीही हसली. आणि मग हसता हसता एकदम थांबली, खिडकीकडे बघायला लागली. तिचं हे बघणं मला ओळखीचं आहे. काहीतरी सांगायचं असलं की ती आधी खिडकीला सांगून बघते.

"बोल," मी म्हटलं.

"तुला समोर बसून सांगायचं होतं. फोनवर नको म्हटलं." तिने माझा हात धरला. "नदीच्या पलीकडच्या काठाला दगड कच्चा लागलाय. काम वाढलंय."

"किती?"

"अजून वर्षभर."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती इतकी दमली होती, की डोळे मिटायला आले होते, पण 'काम वाढलंय' म्हणताना आत कुठेतरी एक दिवा लागला होता. तो विझवायची माझी छाती नव्हती. "जा की," मी म्हणालो. "मी इकडे... नाही, मजेत नाही राहणार. पण राहीन. आणि रोज तसंच सांगीन."

ती तिथेच, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी हललो नाही. हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी हललो नाही.

सकाळी ती उठायच्या आधी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"सुयांची पुढची वेळ दिली होती ना तुम्ही मला, ती रद्द करा."

"का हो? फरक पडला नाही म्हणून? अहो, एका वेळेत नाहीच दिसत, मी सांगितलं होतं. धीर धरा."

"तसं नाही, डॉक्टर," मी आवाज खाली आणून म्हणालो. "बायको पुन्हा चाललीय. नवीन पडणार आहेत. सगळ्या एकदमच करू!"